निळ्याच्या आठवड्यात लाल

सकाळी सहा वाजून बावन्न मिनिटं. रंगाई कारखान्याच्या वरच्या मजल्यावर, उत्तरेकडच्या खिडकीपाशी, मास्तर मरून रंगाच्या लोकरीची एक ओली लडी इस्त्रीखाली दाबून वाळवत होते. लोकर ओली असताना रंग गडद दिसतो. आधी वाळवायची, मग तोंड उघडायचं, हा इथला पहिला धडा. वाळलेली लडी त्यांनी गिऱ्हाइकाच्या नमुन्याशेजारी धरली, मान जराशी तिरकी केली आणि म्हणाले, "छी."

खाली टाकीपाशी उभ्या असलेल्या माणसाला एवढा शब्द पुरतो. एक 'छी' म्हणजे रंग किंचित कमी आहे. दोन म्हणजे अख्खा लॉट पुन्हा उकळा. काहीच न बोलता लडी खिडकीच्या चौकटीवर ठेवली, तर लॉट पास. कौतुकासाठी मास्तरांकडे शब्द नाही. एकतीस वर्षांत तशी गरज पडली नाही. पाठीमागे सगळे त्यांना 'छी मास्तर' म्हणतात. हे त्यांना ठाऊक आहे, आणि त्या नावाबद्दलही त्यांचं मत तेच आहे.

सहा अठ्ठावन्नला त्यांनी इस्त्री बंद केली, कपाटातून काचेचा एक बीकर घेतला आणि जिन्यामागच्या संडासाकडे निघाले. सहा वाजल्यापासूनची ही तिसरी फेरी. खिडकीपासून तिथवर एकेचाळीस पावलं आहेत. मास्तर परत आले तेव्हा बीकरमध्ये त्यांची लघवी होती. त्यांनी तो पांढऱ्या टाइलपुढे धरला, उजेडाकडे वळवला, मान तिरकी केली आणि काही न बोलता चौकटीवर ठेवला.

पास.

मास्तरांना मूत्राशयाचा कॅन्सर आहे. वय चोपन्न. तेरा महिन्यांपूर्वी त्यांच्या मूत्राशयातली गाठ खरवडून काढली. तेव्हाच डॉक्टरबाईंनी सांगून ठेवलं होतं की ही जात परतणारी आहे, म्हणून दर तीन महिन्यांनी आतून दुर्बिणीने बघायचं. वेळेत दिसली तर पुन्हा खरवडता येते. उशिरा दिसली आणि भिंतीच्या स्नायूत शिरलेली असली, तर मूत्राशय काढून टाकायचं, आणि मग उरलेला जन्म पोटावर बाहेरून चिकटवलेल्या पिशवीत लघवी गोळा करायची. पहिल्या तिन्ही तपासण्या स्वच्छ निघाल्या. चौथी पाच आठवड्यांपूर्वी व्हायला हवी होती. मास्तर गेले नाहीत. डॉक्टरबाईंचा फोन आला तेव्हा म्हणाले, "मी रोज बघतो. पाण्यासारखी आहे."

"मास्तर, तुमच्या डोळ्याला दिसेल तोवर उशीर झालेला असेल."

"माझ्या डोळ्याला काय दिसतं ते तुम्हाला माहीत नाही," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

त्या डोळ्याचा आधीचा पराक्रम इथे सांगायला हवा.

या कारखान्यात एक जुना समज आहे: ज्या रंगाचा लॉट, त्या रंगाची लघवी. अगदीच खोटा नाही. पूर्वी लोक उघड्या हातांनी टाकीत लडी बुडवत आणि पूड नाकातोंडात जाई. पिवळ्याच्या आठवड्यात लघवी पिवळीजर्द व्हायची आणि जुने कामगार ती बातमी एकमेकांना पगारवाढ झाल्यासारखी सांगायचे. आता हातमोजे आणि नाकाला लावायची फडकी आली आहेत. ती खुंटीला असतात. बाहेरून कुणी बघायला आलं की उतरतात, तो माणूस गेला की पुन्हा खुंटीला.

दोन वर्षं व्हायला आली, तेव्हा एका सकाळी मास्तरांना लाल लघवी झाली. दुखलं नाही, जळजळ नाही, ताप नाही. टाकीत शाळेच्या स्वेटरांचं मरून होतं. मास्तरांनी लघवीकडे पाहिलं आणि शेडवर मत दिलं: मरून, किंचित तपकिरीकडे झुकणारा, धुतल्यावर जाणारा. दोन दिवसांत खरंच गेला. दीड महिन्याने पुन्हा आला. टाकीत पुन्हा मरूनच. या कारखान्यात महिन्यातले तीन आठवडे मरून चालतं, त्यामुळे कुठल्याही दुखण्याला मरूनच्या आठवड्यात यायची उत्तम सोय आहे. हा हिशेब एकतीस वर्षं शेड जुळवणाऱ्या माणसाच्या डोक्यात आला नाही.

तिसऱ्या वेळी मात्र त्यांनी कारवाई केली. रंगाची पूड पुरवणाऱ्या व्यापाऱ्याला बोलावून घेतलं.

"तुझा माल कच्चा आहे. अंगातून गळतो."

"मास्तर, लोकरीवरून गळतो का?"

"लोकरीवरून नाही."

"मग झालं तर. मी लोकरीसाठी विकतो, पोटासाठी नाही."

दोन पिंपं परत गेली. त्याच कंपनीची दुसरी दोन आली, फक्त लेबल वेगळं. मास्तरांनी त्यातली चिमूटभर पूड पाण्यात सोडून पाहिली आणि हा माल बरा ठरवला. पुढचे सात आठवडे लघवी साफ होती. ते त्यांनी आपल्या निदानाचं यश मानलं. टाकीवाल्यांनाही बोलावून सांगितलं की माल बदललाय, आता कुणी तक्रार करायची नाही. तसंही कुणी केली नव्हती.

मग इमारतींच्या पहारेकऱ्यांच्या स्वेटरांची मोठी ऑर्डर आली. गडद निळा. सलग नऊ दिवस त्या कारखान्यात निळ्याशिवाय रंग नव्हता. फरशी निळी, गटार निळं, टाकीवाल्यांची नखं निळी. पाचव्या दिवशी मास्तरांना पुन्हा लाल लघवी झाली, आधीच्यापेक्षा गडद, आणि तिच्यात दोन गुठळ्या. ते बराच वेळ बघत उभे राहिले. बाहेरून कुणीतरी दोनदा कडी वाजवली.

त्यांची बायको घराच्या पुढच्या खोलीत शिलाई मशीन टाकून बसते. कपडे लहानमोठे करणं, चेन बदलणं, फाटलेलं सांधणं. त्या संध्याकाळी मास्तर आले आणि दारातच उभे राहिले.

"निळ्याच्या आठवड्यात लाल आलंय."

"काय लाल?"

"लघवी."

मशीन थांबलं. "कधीपासून?"

"आठ महिने. पण तेव्हा मरून होतं, त्यामुळे..."

"आठ महिने रक्त जातंय आणि तुम्ही त्या पूडवाल्याशी भांडत होतात?"

"रक्तच कशावरून?"

"अहो, मी बाई आहे. मला रक्त ओळखायला उत्तरेची खिडकी लागत नाही."

दुसऱ्या दिवशी तिने दुकान बंद ठेवलं आणि त्यांना हॉस्पिटलात नेलं. नेलं हाच शब्द बरोबर आहे.

डॉक्टरबाई चौतिशीच्या. मास्तरांनी खोलीत शिरल्या शिरल्या त्यांना सांगितलं की तुमच्या या दोन भिंतींचे पांढरे एक नाहीत. "हो, रंगाऱ्याने फसवलं," त्या म्हणाल्या. "बसा. विडी, सिगारेट?"

"छी."

"काम कसलं?"

"रंगाचं. तीस वर्षं."

त्यांनी पेन खाली ठेवलं. काही जुन्या रंगांमधली द्रव्यं श्वासातून आणि कातडीतून रक्तात जातात, मूत्रपिंडं ती गाळून मूत्राशयात सोडतात, आणि तिथे ती तासन् तास साठून राहतात, वर्षानुवर्षं. एवढं सांगायला त्यांना मिनिटभर लागलं. "रंग अंगातून गळतो असं तुम्ही म्हणत होतात ना? अर्धं बरोबर होतं. गळत नव्हता, मुरत होता."

हे वाक्य मास्तरांनी नंतर कुणालाही सांगितलं नाही. बायकोने सगळ्यांना सांगितलं.

लघवीच्या वाटेने दुर्बीण घालून गाठ खरवडली. वाईट जातीची निघाली, पण स्नायूपर्यंत पोचलेली नव्हती. मग आठवड्याला एक असे सहा डोस. लहान मुलांना क्षयाविरुद्ध देतात त्या लशीतलेच अर्धमेले जंतू पाण्यात कालवून नळीने मूत्राशयात सोडतात, म्हणजे तिथली भिंत चवताळून कॅन्सरच्या पेशींवरही तुटून पडते. औषध दोन तास आत धरून ठेवायचं. त्या वेळात थोडा वेळ उताणं, थोडा वेळ पालथं, मग एका कुशीवर, मग दुसऱ्या. नर्स हे समजावत होती तेव्हा मास्तर म्हणाले, "लडी फिरवतात तसं."

"काय?"

"सगळीकडे सारखं लागायला हवं. नाहीतर पट्टे पडतात."

"हो, तसंच," नर्स म्हणाली. हॉस्पिटलातल्या या एका गोष्टीला त्यांनी नावं ठेवली नाहीत.

बाकी सगळ्याला ठेवली. औषध बाहेर पडताना जंतू जिवंत असतात, म्हणून डोसनंतर सहा तास बसूनच लघवी करायची, वरून ब्लीच ओतायचं, पंधरा मिनिटं थांबायचं, मग पाणी सोडायचं. नर्सने ब्लीच म्हणजे काय हेही सांगितलं. एकतीस वर्षं ब्लीचच्या वासात जेवलेला माणूस तिच्याकडे बघत राहिला. घरी आल्यावर त्यांनी दुकानातल्या बाटलीतलं ब्लीच हुंगून पाहिलं, ते पाणचट ठरवलं आणि कारखान्यातून पाच लिटरचा कॅन आणला. तिसऱ्या डोसपर्यंत संडासाची पांढरी सीट पिवळी पडून तडकली आणि बायकोचे डोळे दोन दिवस चुरचुरत राहिले.

"जंतू मेले असतील," ती म्हणाली. "आता माझी पाळी." कॅन परत गेला.

त्याच सुमारास लघवी करणं म्हणजे काचेचा चुरा गाळणं झालं होतं. रात्रीतून सात वेळा उठायचं, संध्याकाळी ताप. हे मास्तरांनी फक्त बायकोला सांगितलं, तेही संडासाच्या बंद दारामागून.

आजार बाहेर कळला आणि बघायला येणाऱ्यांची रांग लागली. त्या रांगेबद्दल जितकं कमी लिहावं तितकं बरं, पण काही नमुने नोंदवून ठेवण्याजोगे आहेत. मास्तरांचे थोरले भाऊ एक कडू रस घेऊन आले आणि त्याने कोणकोण बरं झालं याची यादी त्यांनी वाचून दाखवली, यादीतला एक माणूस वारलेला आहे हे वहिनीने मध्येच सांगितलं, तर म्हणाले, "तो रसाने नाही वारला." शेजारचे एक गृहस्थ खुर्चीवर अर्धा तास बसून सांगत राहिले की मनात चांगलेच विचार आणा. मास्तरांनी विचारलं, "लघवीला लागली असताना आणू की झाल्यावर?" ते गृहस्थ पुन्हा आले नाहीत. कारखान्याच्या मालकांनी फळांची करंडी पाठवली, सोबत छापील कार्ड, 'लवकर बरे व्हा.' आणि मास्तर चौथ्या डोससाठी सुट्टीवर असताना त्यांनी वरच्या मजल्यावर शेड तपासायचं मशीन बसवून घेतलं.

मशीन म्हणजे दुधाच्या पातेल्याएवढी एक करडी पेटी आणि शेजारी कम्प्युटर. लडी भोकावर ठेवायची, बटण दाबायचं, आकडा येतो. ते चालवायला एक बाई आहेत. मास्तर त्यांना 'बटणवाली' म्हणतात आणि त्या मास्तरांना 'सर' म्हणतात, ज्याचा त्यांना आणखी राग येतो. मास्तरांचं म्हणणं असं की पेटीला दिवस आणि ट्यूबलाइट यांतला फरक कळत नाही. त्यात थोडं तथ्य आहे. कारखान्याची वही असं सांगते: गेल्या चार महिन्यांत दोनशे बारा लॉट निघाले, नऊ लॉटवर मास्तर आणि मशीन यांचं पटलं नाही, आणि त्या नऊपैकी सात वेळा गिऱ्हाइकाने मशीनचं म्हणणं मान्य केलं. मास्तर उरलेल्या दोन लॉटची गोष्ट सांगतात. तपशीलवार सांगतात.

पाच आठवड्यांपूर्वी, चौथ्या तपासणीच्या दिवशी, ते म्हणाले की मोठा लॉट आहे, सोडून जाता येणार नाही. मोठा लॉट होता हे खरं. तो मशीनने पास केला हेही खरं. बायको एवढंच म्हणाली, "प्रत्येक तपासणीआधी दोन रात्री तुम्ही छताकडे बघत पडलेले असता. घाबरलात की तुमचं नाक वर जातं. लग्नात पण असंच वर होतं." मास्तरांनी चप्पल घातली आणि कामावर गेले. बीकरचा कार्यक्रम त्या दिवसापासून सुरू झाला.

आता पुन्हा आजच्या दिवसाकडे. दहा वाजून वीस मिनिटं, चहाची सुट्टी. टाकीवाले जिन्यापाशी उभे होते. त्यांच्यात मास्तरांचा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. वय एक्केचाळीस, अकरा वर्षं टाकीवर. नोकरी मास्तरांनीच लावून दिली होती. कामावर तो त्यांना मास्तर म्हणतो, घरी भाऊजी.

"मास्तर," तो कप हलवत म्हणाला, "तुमचा रंग आज माझ्याकडे आलाय. सकाळपासून लालभडक. मरून एकदम पक्कं लागलंय बघा."

दोघंतिघं हसले. एक जण म्हणाला, "गिऱ्हाइकाला दाखव, पास होईल."

मास्तर हसले नाहीत. 'छी'ही म्हणाले नाहीत. त्यामुळे हसणारे थांबले.

"कधीपासून?"

"आज. मागच्या महिन्यात एकदा झालं होतं. मरूनच होतं तेव्हाही."

"दुखतं?"

"छे हो. काही नाही."

"वर ये. बीकरमध्ये करून आण."

"इथे सगळ्यांसमोर सांगता?"

"आण म्हटलं ना."

वरच्या मजल्यावर नमुने रंगवायची शेगडी आहे, दोन छोटी पातेली बसतील एवढी. एका पातेल्यात मास्तरांनी मेहुण्याने आणलेली लघवी ओतली. दुसऱ्यात स्वच्छ पाणी घेऊन त्यात टाकीतलं मरून थेंबाथेंबाने टाकत गेले, दोन्ही पातेली सारखी दिसेपर्यंत. मग दोन्हींतलं थोडं थोडं दोन बीकरमध्ये काढून उत्तरेच्या खिडकीपाशी धरलं. मान तिरकी केली. बीकर डावे-उजवे बदलले. पुन्हा पाहिलं.

"काय दिसतंय?" मेहुण्याने विचारलं.

"गप्प बस."

दिसत काहीच नव्हतं. एकात रंग होता, एकात माणसाचं काहीतरी, आणि एकतीस वर्षं मुरलेल्या डोळ्याला त्यांत सुताचाही फरक सापडत नव्हता. बटणवाली बाई आपल्या खुर्चीवरून बघत होत्या. त्यांनी विचारलं, "सर, मशीनवर लावू का?"

मास्तरांनी दोन्ही पातेल्यांत पांढऱ्या लोकरीचा बोटभर तुकडा सोडला, रोज नमुन्यात घालतात ते आंबट पाणी चमचाभर घातलं आणि शेगडी पेटवली. लोकरीचा रंग आंबटात आणि उष्णतेत लोकरीवर बसतो, मागे पाणी नितळ राहतं. हे या मजल्यावरच्या झाडूवाल्यालाही माहीत आहे.

पहिल्या दहा मिनिटांतच एका पातेल्याचं वागणं बिघडलं. लाल जाऊन ते मातकट तपकिरी झालं, वर फाटलेल्या दुधासारखे कण जमले. खिडकी उघडावी लागली. वीस मिनिटांनी मास्तरांनी चिमट्याने दोन्ही तुकडे काढले आणि नळाखाली धरले. टाकीतल्या रंगाचा तुकडा पक्का मरून झाला होता आणि त्याच्या पातेल्यातलं पाणी नितळ होतं. दुसरा तुकडा मळकट निघाला, आणि नळाखाली त्याचा मळही बराचसा वाहून गेला.

"रंग धरला नाही," मास्तर म्हणाले.

"म्हणजे?"

"म्हणजे रंग नाही. रक्त आहे."

मेहुण्याने दोन्ही तुकडे हातात घेतले. टाकीवाला असल्यामुळे त्याला आणखी समजावून सांगावं लागलं नाही. त्याने विचारलं ते मात्र सरळ होतं. "मास्तर, हे पातेलं इथेच होतं ना? तेव्हा?"

"होतं."

"मग आठ महिने तुम्ही हे का नाही केलंत?"

शेगडी खिडकीपासून सहा पावलांवर आहे. लोकर, आंबट पाणी, चिमटा, सगळं त्याच फळीवर असतं. मास्तर दिवसाला चार-पाच वेळा हीच कृती करतात. स्वतःच्या लघवीवर ती एकदा केली असती, तर पहिल्याच आठवड्यात, वीस मिनिटांत, निकाल हाती आला असता. त्याऐवजी त्यांनी पूड हुंगली, व्यापाऱ्याला झापलं, पिंपं परत केली, आणि वर कामगारांना बजावलं की आता तक्रार करायची नाही.

"छी," मास्तर म्हणाले. हातात लडी नव्हती आणि समोर नमुनाही नव्हता.

मेहुणा तुकडे फळीवर ठेवून जायला निघाला.

"उद्या हॉस्पिटलात जायचं."

"बघू."

"बघू काय? तुझी बहीण तुला सोलून काढेल."

"ती तुम्हाला का सोलत नाही? पाच आठवडे झाले म्हणे तुमची तारीख टळून. मला फोनवर रडून सांगत होती."

"माझी साफ आहे. मी रोज बघतो."

"माझीही परवा साफ होती भाऊजी." कारखान्यात तो पहिल्यांदाच भाऊजी म्हणाला. "तुमचं बघून भागतं तर माझंही भागेल. रोज सकाळी बीकर आणून देत जाईन. तुम्ही मान तिरकी करा, पास करा, चौकटीवर ठेवा. डॉक्टर कशाला हवा मग?"

"माझं वेगळं आहे."

"वेगळं कसं? आत्ता दोन बीकर धरले होतेत, त्यातला एक ओळखलात का?"

बटणवाली बाई एकदम कम्प्युटरमध्ये काहीतरी शोधायला लागल्या.

मास्तरांनी शेगडी बंद केली. सकाळी चौकटीवर ठेवलेला स्वतःचा बीकर उचलला, त्यातलं मोरीत ओतलं, बीकर ब्लीचने धुतला आणि कचऱ्याच्या डब्यात टाकला. मग खिशातून फोन काढला. नंबर शोधायला त्यांना चष्मा लागला.

"डॉक्टरबाई, मी मास्तर. रंगवाला."

"पाच आठवडे," पलीकडून आवाज आला.

"उद्या येतो. दोन जण आहोत."

"दुसरं कोण?"

"मेहुणा. त्याला रक्त जातंय. मी तपासलं."

"बघून?"

"बघून नाही. उकळून." त्यांनी पातेल्यांची हकीकत सांगितली, क्रमाने, वेळेसकट. डॉक्टरबाईंनी सगळी ऐकून घेतली.

"मास्तर, ही तपासणी आमच्यात चालत नाही. शिवाय रक्त म्हणजे कॅन्सरच असंही नाही. खडा असेल, संसर्ग असेल. तो कोणत्या कामावर आहे?"

"टाकीवर. अकरा वर्षं."

"हातमोजे घालतो?"

मास्तरांनी खुंटीकडे बघितलं. "नाही."

"घेऊन या. आणि तुमचं आधी बघणार. यावेळी स्वच्छ असेलच असं मी सांगू शकत नाही, पाच आठवड्यांपूर्वीही सांगू शकले नसते."

"माहीत आहे."

"मग घाबरत असाल तर घाबरूनच या. आम्हाला चालतं."

यावर मास्तर काही बोलले नाहीत. त्यांच्या भाषेत याचा अर्थ पास असा होतो, पण डॉक्टरबाईंना ते माहीत असायचं कारण नाही.

दुपारी ते मालकांच्या खोलीत गेले आणि उद्या सकाळची सुट्टी मागितली. मालक मोबाइलवरून मान वर न करता म्हणाले, "जा ना मास्तर, अवश्य जा. मशीन आहेच." मास्तरांनी हातमोज्यांचा विषय काढला. मालक म्हणाले, "आहेत की. खुंटीला." मास्तर टाकीपाशी आले, खुंटीवरचे सगळे मोजे काढून त्यांनी ते एकेका टाकीवाल्याच्या अंगावर फेकले. शिव्या कोणत्या दिल्या ते इथे छापता येणार नाही. पाचापैकी चौघांनी मोजे चढवले. मास्तर वर गेल्यावर त्यातल्या दोघांनी काढले. मेहुण्याचे मात्र संध्याकाळपर्यंत हातात होते. कोपरापर्यंत घाम आला म्हणून तो तक्रार करत होता.

घरी जाण्याआधी मास्तरांनी उद्याचा नमुना बटणवाल्या बाईंच्या टेबलावर ठेवला. सोबत चिठ्ठी: 'मरून. लडी पूर्ण वाळवणे. मशीनने पास म्हटलं तरी एकदा खिडकीपाशी नेऊन बघणे.' बाईंनी चिठ्ठी वाचली. "सर, आणि खिडकीपाशी काही वेगळं दिसलं तर?"

मास्तर दारात थांबले. "तर मशीनचं ऐका," ते म्हणाले आणि जिना उतरले. संडासापाशी एकदा थांबावं लागलं.

उद्या मरूनचा पहिला लॉट सात वाजून दहा मिनिटांनी टाकीतून निघेल. दुर्बिणीची खोली आठला उघडते. यादीत मास्तर आठ वीसला आहेत, मेहुणा आठ चाळीसला.